परक्या नजरेची मीमांसा : विशेष संदर्भ यवतमाळ जिल्हा

एका ठिकाणच्या माणसाने दुसऱ्या ठिकाणच्या माणसाविषयी, त्याला काही न विचारता आणि शक्यतो न भेटताच, कायमचे करून घेतलेले मत म्हणजे परदृष्टी होय. ही दृष्टी पुराव्यावाचून तयार होते आणि पुढे कितीही पुरावा मिळाला तरी बदलत नाही, एवढ्याच बाबतीत ती शास्त्रीय मतापासून वेगळी पडते. भारत आणि परदेशी गेलेला भारतीय यांच्यावर जगाने अशी मते सढळ हाताने दिली आहेत. कुणाला हा देश गारुड्यांचा वाटला, कुणाला उपाशी लोकांचा, कुणाला साधूंचा, तर अलीकडे कुणाला संगणकवाल्यांचा, आणि हे सारे एकाच देशाविषयी आहे हे लक्षात घेतले तर वाचक गोंधळून जाणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखाचा सिद्धान्त असा की, पाहणाऱ्याला जे हवे असते तेच त्याला समोरच्यात दिसते, आणि हवे ते मिळून झाले की तोच समोरचा माणूस त्याला गर्दी वाटू लागतो.

या सिद्धान्ताच्या पडताळणीसाठी मुंबई सोडून यवतमाळ जिल्हा निवडण्यास सबळ कारण आहे. मुंबईला लोक नुसते पाहायलाही येतात, त्यामुळे तिथे येणाऱ्याचा हेतू ओळखणे अवघड जाते. यवतमाळला नुसते पाहायला सहसा कुणी येत नाही; जो येतो तो काहीतरी न्यायला, विकायला, मोजायला किंवा टिपून घ्यायला येतो, आणि त्यामुळे त्याच्या नजरेमागची गरज विनासायास हाती लागते. शिवाय परदृष्टीचा भूगोलाशी असलेला संबंध तपासायलाही हा जिल्हा सोयीचा आहे. यवतमाळचा माणूस पुण्यात आपले गाव ‘नागपूरकडे’ सांगतो, दुबईत ‘मुंबईकडे’ सांगतो आणि अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावात गेला की ‘इंडिया’ एवढ्यावर भागवतो. नागपूर यवतमाळपासून सुमारे १५० किलोमीटर आणि मुंबई साडेसहाशेहून अधिक किलोमीटर दूर असली, तरी ऐकणाऱ्याचे समाधान होईपर्यंत गाव सरकवत नेण्याची ही पद्धत सर्वत्र रूढ आहे, आणि तिच्यावर यवतमाळकराचाही काही आक्षेप असल्याचे आढळत नाही.

जिल्ह्यातून परदेशी गेलेला पहिला मोठा प्रवासी म्हणजे कापूस. वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा आजचा यवतमाळ जिल्हा या प्रांताचाच भाग होता. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटल्यामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या, आणि तोपर्यंत ज्या मुलखाचे नाव उच्चारण्याचीही कुणाला गरज भासली नव्हती, त्या वऱ्हाडाविषयी इंग्लंडात एकाएकी आपुलकी उत्पन्न झाली. ही आपुलकी डोळस होती. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाची परीक्षा होऊन तो आखूड धाग्याचा आणि कचरा मिसळलेला असल्याचा शेरा मिळाला, आणि मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातील भेसळीविरुद्ध कायदाही केला. अमेरिकेतले युद्ध संपल्यावर तिकडचा लांब धाग्याचा कापूस पुन्हा बाजारात आला, तेव्हा वऱ्हाडी कापसाचे दोष इंग्रजांना पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट दिसू लागले. स्थलांतरिताच्या आयुष्यात येणारे सगळे टप्पे, म्हणजे आधी निकड, मग तपासणी, मग शेरा आणि शेवटी पर्याय सापडताच येणारा कोरडेपणा, हे या कापसाने माणसांच्या पुष्कळ आधी भोगून घेतले होते.

त्या काळी मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यासाठी कापूस आयुक्त नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमलेला असे. या पदावरील रिव्हेट-कार्नाक यांचा हिशोब असा होता की, रेल्वे आली म्हणजे मँचेस्टरचे कापड वऱ्हाडात स्वस्त मिळेल, ते मिळाले म्हणजे इथले विणकर माग सोडून शेताकडे वळतील, आणि ते वळले म्हणजे कापूस वाढेल. या हिशोबात माणूस दोनदा येतो, एकदा गिऱ्हाईक म्हणून आणि एकदा मजूर म्हणून. तिसऱ्या कोणत्याही नात्याने तो आलेला नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक-निक्सन या पेढीच्या व्यवस्थेखालील कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर असा ११३ किलोमीटरचा अरुंद रेल्वेमार्ग टाकला, आणि लोकांनी त्यावरच्या गाडीला शकुंतला असे नाव दिले. तिचे मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होते. देशातल्या रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या तरी हा मार्ग खासगी कंपनीकडेच राहिला, एवढ्या एका गोष्टीवरून या गाडीची बातमी वर्तमानपत्रांत अनेकदा झळकली. गाडीत बसणाऱ्यांना मात्र मालकीपेक्षा ती आज येणार की नाही हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटत असे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही बातमीत नसे.

कापसानंतर माणसांकडे वळल्यास अमेरिकेचे उदाहरण सर्वांत बोलके ठरते. वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात ४ सप्टेंबर १९०७ रोजी लाकूडगिरण्यांतल्या भारतीय मजुरांना जमावाने मारहाण करून हाकलून लावले. हे मजूर बहुतेक शीख होते, पण हल्लेखोर आणि वर्तमानपत्रे या दोघांनीही त्यांना हिंदू म्हटले. ज्याला हाकलायचे त्याच्या धर्माची चौकशी करण्यात वेळ घालवू नये असा त्यामागे व्यवहार असावा. पुढे १९२३ मध्ये अमेरिकी सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘गोरे’ ठरल्याशिवाय त्यांना नागरिकत्व मिळू शकत नसल्यामुळे, मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन गणतात, असा थिंड यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने शास्त्रज्ञांना बाजूला ठेवून सामान्य माणसाला काय वाटते हे प्रमाण मानले आणि सामान्य माणसाला थिंड गोरे वाटत नाहीत असा निर्णय दिला. परदृष्टीला सर्वोच्च न्यायालयाची मोहोर लागल्याचे इतके निःसंदिग्ध उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. १९४६ मध्ये कायदा बदलून वर्षाला १०० भारतीयांना प्रवेश देण्यात आला, म्हणजे यवतमाळच्या एका लग्नातल्या पहिल्या पंगतीएवढ्या लोकांची सोय झाली.

त्याच अमेरिकेतून पुढे गेलेला शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील एक माणूस या संदर्भात लक्षात घ्यावा लागतो. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ चा. ते गदर चळवळीच्या उभारणीत होते, पहिल्या महायुद्धात इंग्रजांविरुद्ध इराणच्या बाजूला लढले, आणि मायदेशी परतण्याची वाट बंद झाल्यामुळे १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. तिथे चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवताना त्यांनी मक्याच्या सुधारित वाणांवर काम केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. मेक्सिकोत नुकतीच क्रांती झाली होती आणि तिथे जमिनीइतकीच ती कसायला शिकवणाऱ्यांचीही टंचाई होती. त्यामुळे दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरील आपल्या चित्रात या वर्ध्याच्या माणसाला भाकरीच्या पंगतीत मधोमध बसवले. ज्या वर्षांत अमेरिकेच्या दृष्टीने भारतीय हा नागरिकत्वालाही अपात्र होता, त्याच वर्षांत सीमेपलीकडे तो अन्नदाता ठरला. या काळात भारतीय माणसात काही बदल झाला नव्हता. फक्त अलीकडे मजूर जास्त झाले होते आणि पलीकडे मका कमी होता. विदर्भापुरते बोलायचे, तर हा माणूस त्या काळी गावी परतला असता, तर भिंतीवरच्या चित्रापेक्षा नोकरी पक्की आहे की कशी, याचीच चौकशी आधी झाली असती, हे मान्य करावे लागते.

परदेशस्थ भारतीयांचा प्रश्न यवतमाळला थेट येऊन भिडला तो लोकनायक बापूजी अणे यांच्या रूपाने. वणी येथे १८८० मध्ये जन्मलेले आणि यवतमाळला वकिली केलेले माधव श्रीहरी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला होता. त्यांच्याकडे १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जे खाते आले, ते सागरापार राहणाऱ्या भारतीयांचे. स्वतःच्या जंगलातले गवत कापण्याचीही परवानगी नसलेल्या देशाने दुसऱ्या देशांत आपल्या माणसांना नीट वागवले जावे म्हणून खाते काढावे, यातील विसंगती अणे यांच्यासारख्या वकिलाच्या लक्षात आली नसेल असे मानण्यास जागा नाही. गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले आणि १९४७ पर्यंत तिथे राहिले.

सिलोनमधला पेच या लेखाच्या सिद्धान्ताला अगदी मापाचा बसतो. तिथल्या चहाच्या मळ्यांसाठी तमिळ मजूर कंगाणी पद्धतीने नेले जात. कंगाणी म्हणजे मजुरांचा म्होरक्या, जो आपल्याच गावातली माणसे उचल देऊन गोळा करी आणि त्या उचलीच्या दोरीने त्यांना मळ्याला बांधून ठेवी. १९३१ मध्ये सिलोनला प्रौढ मताधिकार मिळाला आणि तोपर्यंत केवळ चहा खुडणारे हात म्हणून दिसणारी ही माणसे अचानक मते म्हणून दिसू लागली. हात जेवढे अधिक तेवढा चहा अधिक, हे सर्वांना मान्य होते. मते मात्र इतकी असू नयेत असे अनेकांना वाटू लागले. अणे परतल्यानंतर १९४८ मध्ये तिथे नागरिकत्वाचा जो कायदा झाला, त्यामुळे लाखो मळेकामगार कोणत्याच देशाचे उरले नाहीत. शेवटी १९६४ च्या करारात दोन्ही सरकारांनी ५,२५,००० माणसे भारताकडे आणि ३,००,००० सिलोनकडे अशी विभागणी ठरवली आणि उरलेल्या सुमारे दीड लाखांचा विचार पुढच्या बैठकीवर सोडला. ज्यांचा विचार पुढच्या बैठकीवर गेला, त्यांना दरम्यान चहा मात्र रोज खुडावा लागत होता.

याहून जुने स्थलांतर पुसद आणि दिग्रसच्या बंजारा तांड्यांशी जोडले जाते. युरोपातील रोमा समाजाचे पूर्वज सुमारे १००० वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडले. युरोपने त्यांना प्रथम इजिप्तमधून आलेले यात्रेकरू मानले, पुढे १७८० च्या दशकात जर्मन अभ्यासकांनी त्यांच्या भाषेवरून त्यांचे मूळ भारतात असल्याचे दाखवले, आणि मूळ कळल्यामुळे त्यांच्या वाट्याच्या वागणुकीत काडीचाही फरक पडला नाही. बंजारा समाजातील अनेक जण रोमांना आपले दूरचे भाऊबंद मानतात. या नात्याची नेमकी वंशावळ अभ्यासकांना अजून लावता आलेली नसली, तरी ते मानण्यात जो जिव्हाळा आहे तो युरोपला हजार वर्षांत जमलेला नाही. आज युरोपात भारतीय डॉक्टर आणि अभियंत्याला दार उघडे असते आणि रोमाला मात्र गावकुसाबाहेर ठेवले जाते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याची जागा पक्की होते हा महाराष्ट्राचा अलिखित कायदा युरोपात पोहोचला नसल्यामुळे, सर्वांत आधी रुमाल टाकलेला प्रवासी अद्याप उभाच आहे.

अलीकडच्या काळात जगाची नजर यवतमाळवर स्थिरावली ती शेतकरी आत्महत्यांमुळे. हे दुःख खरे आहे आणि त्याविषयी विनोद संभवत नाही. विनोद संभवतो तो केवळ पाहणाऱ्यांच्या घाईविषयी. तेलंग टाकळी या गावावर ‘बिटर सीड्स’ हा माहितीपट २०११ मध्ये निघाला, आणि त्याच्या आधी व नंतरही कॅमेरे येत राहिले. काही चित्रकर्त्यांनी मुक्काम करून माणसे समजून घेतली. इतर अनेकांना मात्र भेगाळलेली जमीन, वाळलेली पऱ्हाटी आणि हार घातलेली तसबीर एवढेच हवे असे, आणि जुलै महिन्यात जमीन हिरवीगार दिसल्यास त्यांची निराशा लपत नसे. कर्ज, बोंडअळी, भाव आणि पाऊस यांच्याविषयी शेतकऱ्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, परंतु संध्याकाळच्या विमानाला नागपूर गाठायचे असल्यामुळे ते बहुधा ऐकायचे राहून जाते.

जिल्ह्यातील वाघांना मात्र माणसांपेक्षा अधिक सहृदय वार्ताहर मिळाले. राळेगाव परिसरातील अवनी वाघिणीला पकडण्यासाठी २०१८ मध्ये हत्ती, ड्रोन आणि कॅल्विन क्लाइनच्या ‘ऑब्सेशन’ या अत्तराचा उपयोग झाला, तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांनीही तिची बातमी छापली. ती नोव्हेंबरात मारली गेल्यावर तिच्यासाठी हळहळही बरीच झाली, आणि तिच्या परिसरात बळी गेलेल्या माणसांची संख्या त्या बातम्यांत ओझरती येऊन गेली. पुढच्याच वर्षी टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाने जून महिन्यात घर सोडले, तेलंगणाच्या हद्दीत जाऊन आला आणि सुमारे ३००० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे त्याचे प्रत्येक पाऊल नोंदले गेले, बीबीसीने त्याची बातमी दिली, आणि तो भक्ष्य, हक्काची जागा किंवा जोडीदार शोधत असावा असा अंदाज तज्ज्ञांनी मोठ्या सहानुभूतीने वर्तवला. याच तीन गोष्टींच्या शोधात याच जिल्ह्यातले शेकडो शेतकरी तरुण रोज फिरत असतात, आणि शेती करतो एवढ्याच कारणाने तिसरी गोष्ट त्यांना नाकारली जाते. तथापि त्यांच्या गळ्यात पट्टा नसल्यामुळे त्यांची पायपीट कुठे नोंदली गेलेली नाही.

ज्यांना गावात या तिन्ही गोष्टी मिळत नाहीत, ते परदेशाची वाट धरतात. तिकडची नजर काय असेल हे तिथल्या बाजारावर ठरते, आणि बाजार बदलतो तसे मतही बदलते. जर्मनीने २००० मध्ये परदेशी संगणकतज्ज्ञांना बोलावण्याची योजना आखली तेव्हा एका प्रांतिक निवडणुकीत भारतीयांऐवजी आपल्या मुलांकडे बघा अशा अर्थाची घोषणा गाजली होती. त्याच जर्मनीने २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचे जाहीर केले, कारण मधल्या २४ वर्षांत तिकडे मुले पुरेशी झाली नव्हती. अमेरिकेने एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या परवान्यांची वार्षिक मर्यादा ८५,००० ठेवली, त्यांतला मोठा वाटा भारतीयांनी मिळवला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जावर १,००,००० डॉलर शुल्क लावण्याचा आदेश निघाला. लिव्हरपूलच्या कापूसबाजारातील कुणी जुना जाणकार आज असता, तर त्याला यात नवे काहीच वाटले नसते.

परदेशांना दोष देऊन थांबणे मात्र शास्त्रशुद्ध होणार नाही, कारण मायदेशाची नजरही याच नियमाने चालते. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले, आणि प्रवासी भारतीय दिनाच्या भाषणांतला गहिवर या आकड्याशी अगदीच असंबद्ध आहे असे म्हणता येत नाही. यवतमाळमध्ये सुटीवर आलेल्या तरुणाला होणारे प्रश्नही याच प्रकारात मोडतात. ‘का जी, किती भेटते तिकडे?’ हा पहिला. ‘मंग आपल्या पैशात किती झाले?’ हा दुसरा. आणि ‘पोरीगिरी पाह्यली का कोणती?’ हा तिसरा, जो काकूच विचारतात. तो तिकडे नेमके काय काम करतो हे विचारण्याची पद्धत नाही, कारण त्याचे उत्तर कुणाला समजत नाही आणि समजण्याची आवश्यकताही नसते. आखातातून आलेल्याला सोन्याचा भाव विचारतात, अमेरिकेतून आलेल्याला बाटलीचे पाणी देतात आणि पुण्याहून आलेल्याला परत कधी जाणार ते विचारतात. कापूस वेचायला बाहेरून आलेल्या मजुराला यांपैकी काहीच विचारले जात नाही. त्याच्याकडे पाहण्याची गरज किलोच्या हिशोबात भागते.

एवढ्या विवेचनानंतर पाहणारा आणि पाहिला जाणारा या दोन स्वतंत्र जाती आहेत असा समज होणे शक्य आहे, म्हणून शेवटची बाब नोंदवणे भाग आहे. यवतमाळचा मुलगा परदेशी जातो, सुरुवातीची वर्षे लोकांच्या नजरा झेलतो, भाड्याच्या खोलीत तिघांबरोबर राहतो, परवान्याच्या तारखा मोजतो, घर घेतो, गणपती बसवतो आणि यथावकाश नागरिकत्वाची शपथ घेतो. ही शपथ केवळ कागदोपत्री बाब आहे. त्यानंतर एखाद्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात, नव्याने आलेल्या पोरांच्या टेबलाकडे मान वळवून, ‘आमच्या वेळची मंडळी वेगळी होती, आता कुणीही येतं’ असे तो ज्या दिवशी सहज बोलून जातो, त्या दिवशी त्याचे स्थलांतर खऱ्या अर्थाने पूर्ण झाले असे समजावे. हे पूर्णत्व गाठायला समुद्र ओलांडावाच लागतो असेही नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जाऊन कोथरूडला फ्लॅट घेतलेल्या यवतमाळकराला ते चार-पाच वर्षांत साधते, आणि तिथे तर शपथही घ्यावी लागत नाही.